झडीत लिहावं, उन्हात तपासावं

वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या वाटेवरच्या आपल्या जुन्या घरात राहून लिहायचं ठरवलं आहेस, तर ठरवलं आहेस. नोकरी का सोडलीस हे मी विचारणार नाही. त्याला तुझी आई पुरेशी आहे. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली आणि लहानपणी त्याच घराच्या ओसरीवर आजीच्या गोष्टी ऐकल्या. आजीला अक्षरओळख नव्हती. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या आमच्या छापखान्यातल्या तात्यांना एक अनुस्वार सुटलेला खपत नसे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. भेटले असते तर त्यांचं जमलं असतं असं मला वाटतं. दोघांकडून जे घेतलं ते तुला देते. जसं आठवेल तसं सांगते, क्रम तुझा तू लाव.

आधी सरपण. लेखकाने सुरुवात सरपणापासून करावी हे तुला विचित्र वाटेल, पण चूल धुमसत असेल तर डोक्यात दुसरं काही शिरत नाही. चैत्र-वैशाखातच लाकूड फोडून माळ्यावर चढव. कौलंही तेव्हाच चाळून घे. मृग तोंडावर आला की वाडीत माणूस मिळत नाही, सगळे शेतात असतात. तांदूळ, नाचणी, मीठ, गूळ, काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भर. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून ताडपत्री बांध, नाहीतर आषाढात कुडाची भिंत आतून ओली होते आणि तिला टेकवलेली वहीसुद्धा. आणि एवढा पाऊस कोसळतो म्हणून पाण्याची काळजी सोडू नकोस. तिथला काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, ते धावत खाली जातं. राजगडावर आणि तोरण्यावर ज्यांनी कातळात टाकी खोदली त्यांना हे ठाऊक होतं. एप्रिलमध्ये घरामागचा झरा बारीक होतो. तेव्हा कोणाच्या विहिरीवर जायचं हे दिवाळीतच बोलून ठेव. मे महिन्यात विचारायला गेलास तर लोक नाही म्हणणार नाहीत, पण लक्षात ठेवतील.

आता कागद. पावसाळ्यात तिथे कागद पापडासारखा सादळतो. जेल पेनाची शाई पसरते, शाईच्या पेनाचं तर नावच काढू नकोस. शिसपेनाने लिही. शिसं ओलाव्याला भीत नाही, फुटत नाही, संपत आलं की दिसतं. वह्या पत्र्याच्या ट्रंकेत, तळाला कळीच्या चुन्याची पुरचुंडी. चुना ओल ओढून घेतो. मात्र तो कागदाला थेट लागू देऊ नकोस. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे टाक. आणि पानाच्या चारी बाजूंनी भरपूर जागा सोड.

ही शेवटची गोष्ट माझी नाही. भोरहून वरंधा घाट उतरलास की महाडच्या हद्दीत शिवथरघळ लागते. शेजारून धबधबा कोसळतो, पावसाळ्यात दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरवून घेतला असं परंपरा मानते. हीच ती घळ, हे धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये शोधून काढलं. समर्थांच्या काळी तिथे वीज नाही, वाट नाही, बाजारपेठ नाही. आपल्याकडच्या आडरानातल्या लेखकाचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. पण मला त्या ग्रंथात सगळ्यात आवडतं ते एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास. त्याचा विषय ब्रह्म नाही, माया नाही. लिहिण्याची क्रिया आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. पहिल्या अक्षराचं वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावं. पानाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात, म्हणजे कागद झडला तरी मजकूर झडणार नाही. बरू कोणते, शाई कशी, पोथी कशात बांधावी, सगळं आहे. वैराग्य सांगणारा माणूस कागदाच्या कडेची एवढी फिकीर करतो! डोंगरात राहणाऱ्याला ती करावीच लागते. तुझ्या पानांनाही उंदीर आधी कडेनेच लागणार आहेत.

आता दिव्याचं. तारा गावापर्यंत आल्यात, आपल्या घरापर्यंत नाहीत. आणि गावातही पावसात दोन-दोन दिवस वीज नसते. एक मध्यम पॅनल, एक बॅटरी, दोन डीसी बल्ब एवढंच घे. पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण १८ अंश, कारण आपला अक्षांश तेवढाच आहे. थंडीत आणखी थोडा उभा कर. साधी शिशाची बॅटरी घेतलीस तर निम्म्याच्या खाली उतरू देऊ नकोस, लवकर मरते. लॅपटॉप जमलं तर इन्व्हर्टरमधून न नेता थेट डीसीवर चार्ज कर, इन्व्हर्टर स्वतःच बरीच वीज खातो. एवढं करूनही जून ते सप्टेंबर पॅनलवर पाणी पडेल, ऊन पडणार नाही. लोक याला अडचण म्हणतात. मी म्हणते, लेखकाला याच्याइतकी चांगली शिस्त कोणी लावणार नाही.

कारण बघ. गोष्ट सांगणं आणि शुद्ध लिहिणं ही दोन कामं आहेत आणि ती एका बैठकीत करायला गेलं की दोन्ही बिघडतात. शहरात तू पडद्यावर लिहितोस. शब्दाखाली लाल रेघ येते, तू मागे जातोस, वेलांटी दुरुस्त करतोस, तोवर गोष्टीतला म्हातारा उठून निघून गेलेला असतो. वेल्ह्याला चार महिने लाल रेघ नाही. झडीच्या दिवसांत शिसपेनाने नुसतं लिहीत जा, मोठ्याने म्हणत लिही. ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नकोस. शब्द अडला तर चौकट काढ आणि पुढे जा. दसऱ्यानंतर ऊन पडलं, बॅटरी भरायला लागली की मग टंकायला घे, आणि टंकताना तात्यांच्या डोळ्यांनी बघ. मधल्या दोन-तीन महिन्यांत तू ते लिखाण विसरलेला असतोस, म्हणून चुका दिसतात.

आता तुझा नेहमीचा प्रश्न: गोष्ट चांगली असेल तर व्याकरण कशाला? शाळेत पाऊल न टाकलेल्या बहिणाबाईंचं उदाहरण तू देणार, मला माहीत आहे. त्या बोलल्या, पण ते कोणीतरी कागदावर उतरवून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. १९५२ मध्ये पुस्तक निघालं त्यामागे त्यांच्या मुलाचं, सोपानदेवांचं टिपण होतं आणि अत्र्यांची धडपड. तुझ्यापाशी सोपानदेव नाही. दोन्ही कामं तुलाच करायची आहेत.

उदाहरण भोरचंच देते. भाटघरचं धरण १९२८ च्या सुमारास पुरं झालं आणि वेळवंडी नदीच्या खोऱ्यातलं कांबरेश्वराचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं. आता हे वाक्य वाच: ‘भाटघर धरणाच्या निर्मितीनंतर जलमय झालेले प्राचीन कांबरेश्वर मंदिर उन्हाळ्यात पाणीपातळी खालावल्यानंतर भाविकांच्या दृष्टीस पडते.’ यात तात्यांना एकही चूक सापडली नसती आणि आजी पहिल्या चार शब्दांत झोपली असती. आजीने असं सांगितलं असतं: ‘पाणी उतरायला लागलं की आधी शिखर दिसतं. मग भिंत. मग पायरी. भादव्यात जिथं माणूस बुडेल एवढं पाणी, तिथं बाया चपला काढून ठेवतात.’ धरण कधी बांधलं हे ती मागाहून सांगेल, कोणी विचारलं तर. गोष्ट दिसण्याच्या क्रमाने चालते.

पण तेच देऊळ घेऊन तू लिहिलंस, ‘पाण्यातून वर येताना आम्ही देऊळ पाहिलं’, तर कोण वर आलं? देऊळ की तुम्ही? वाचक तुम्हाला ओल्या कपड्यांत उभं करणार. इथे चूक व्याकरणाची आहे आणि मोडली ती गोष्ट. व्याकरण पाळायचं ते मास्तरांसाठी नव्हे, वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहू नये म्हणून.

दुसरं, अनुस्वार. त्या एका टिंबात अख्खी माणसं बसलेली असतात. ‘पाटलांनी बांध घातला’ आणि ‘पाटलाने बांध घातला’. पहिल्यात निवेदक उभा राहून बोलतोय, दुसऱ्यात बसून. गोष्टीच्या मध्यावर, भांडण झाल्यावर, ‘पाटलांनी’चं ‘पाटलाने’ केलंस तर राग आला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण आधीची पंधरा पानं तू गबाळेपणाने कधी हे, कधी ते लिहिलं असशील, तर ऐन वेळी केलेला बदल कोणाला कळणारच नाही. नियम पाळत आलेल्यालाच नियम मोडून काही सांगता येतं.

आणि नियम आहेत तरी किती! मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये ४ वाढले. एकूण १८. मोजून काही पानं. श्रावणातल्या एका आठवड्यात पाठ होतील. त्यांना घाबरणाऱ्या बहुतेकांनी ते वाचलेलेच नसतात. गंमत म्हणजे त्या नियमांनीच बोलभाषेला दार ठेवलं आहे: पात्राच्या तोंडी ‘केले’ऐवजी ‘केलं’ येणार असेल तर अनुस्वार देऊन लिहा म्हणतात. ट्रंकेत आजोबांची जुनी पुस्तकं आहेत, त्यांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ असे अनुस्वार दिसतील. १९६२ पूर्वीची रीत ती. वाच, पण हाताला लागू देऊ नकोस. बरोबर अरुण फडक्यांचा ‘मराठी लेखन-कोश’ ने, बॅटरी लागत नाही त्याला. मोरो केशव दामल्यांचं १९११ चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ जाडजूड आहे, ते मात्र कुतूहल असेल तरच उघड.

मावळी बोली लिहिताना हात आवर. ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘पानी’, ‘म्या’ सगळं एका वाक्यात कोंबलंस की वाचक अक्षरं लावत बसतो आणि तुझं पात्र नाटकातल्या गड्यासारखं दिसतं. दोन-तीन खुणा पुरेत, पण त्या शेवटपर्यंत त्याच ठेव. बोली उच्चारापेक्षा वाक्याच्या चालीत जास्त असते: क्रियापद आधी येतं, नाव मागाहून येतं, अर्ध वाक्य हातवाऱ्यावर सोडलेलं असतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ त्यासाठी वाच; निवेदन स्वच्छ प्रमाण मराठीत, माणसं आपापल्या तोंडाने बोलतात. ‘स्मृतिचित्रे’ त्यासाठीच वाच. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर घरी लिहा-वाचायला शिकल्या आणि बोलावं तसं लिहून गेल्या. ते बोलणं छापून आलं ते मात्र नीट. आणि गो. नी. दांडेकरांचं ‘वाघरू’ बरोबर असू दे. राजगड समोर दिसत असताना राजगडावरची कादंबरी वाचायची संधी सोडू नये. तालुक्याचं नावही आता सरकारने राजगड केलं आहे. पत्त्यावर तसं लिही; पात्राच्या तोंडी वेल्हेच राहू दे, एसटीतली माणसं अजून तसंच म्हणतात.

लिहायला एकांत हवा म्हणून वाडीशी फटकून राहू नकोस. ही चूक शहरातून आलेले हमखास करतात. चिखलणीला जा, लावणीला जा, इर्जिकीला बोलावलं तर आवर्जून जा. पाठ मोडेल, पण लावणी करताना बायका जे बोलतात ते ऐकल्याशिवाय तुझे संवाद कागदीच राहतील. ऐकशील तिथे वही काढू नकोस. रात्री घरी येऊन आठवेल तेवढंच लिही. आठवत नाही ते बहुधा गोष्टीच्या कामाचं नसतं. कोणाच्या घरातलं दुःख घेतलंस तर नाव, वाडी, जातपात, सगळं बदल. शक्य असेल तर छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखव. त्याने नको म्हटलं तर नको. तिथे तुला राहायचं आहे.

उरलेलं भराभर. रात्री बाहेर पडताना विजेरी आणि काठी. फुरसं पायवाटेवरच बसलेलं असतं. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या दवाखान्यात असतं हे जाऊन विचारून ये, आणि वाट बंद असेल तर गाडी कोणाची मिळेल तेही. वरंधा घाट पावसात पुष्कळदा बंद असतो, कोकणात उतरायचे बेत तेव्हा करू नकोस. लिहिताना पानाखाली कार्बन ठेव, दुसरी प्रत वेगळ्या घरात राहू दे. महिन्याची पानं गोणपाटात बांधून मुक्कामाच्या एसटीने पुण्याला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव. पानांवर आकडे घाल, मागच्या वेळी तू घातले नव्हतेस. मी दुरुस्त्या समासातच लिहीन, म्हणून समास दोन बोटं तरी सोड. आणि चौकटीतल्या अडलेल्या शब्दांना मी हात लावणार नाही, ते तू वाडीत विचारून भर.