धबधब्यावर थांबायला शीक

सातपूर कॉलनी, नाशिक

चि. ओंकार,


काकांच्या माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम तू घरी आणलास आणि आता प्लेस्टेशनकडे ढुंकूनही बघत नाहीस, असं ताई फोनवर सांगत होती. ‘खरे गेम तेच, हल्लीचे नुसते दिखाऊ,’ असं म्हणून मित्राशी भांडलासही म्हणे. जुन्याची गोडी लागली याचा मला फार आनंद झाला. नव्याचा राग मात्र पटला नाही, म्हणून हे पत्र.

जपानच्या निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. तुझ्याकडची पेटी ही त्याची नक्कल. आपल्याकडे नव्वदीत घराघरांत आल्या त्या बहुतेक अशाच, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांच्या. मूळ यंत्रात कामापुरती रॅम होती २ केबी. तुझ्या पीएस ५ मध्ये १६ जीबी आहे, म्हणजे ऐंशी लाखांहून जास्त पट. १९८५ चा अख्खा सुपर मारिओ ४० केबीत बसवलेला आहे. त्यातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकदा शेजारी शेजारी ठेवून बघ. चित्र एकच, रंग तेवढा बदललाय. जागा वाचवायची होती, दुसरं काही नाही, आणि खेळणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं पत्ताही लागला नाही.

पेटीसोबतची बदकं मारायची बंदूक तर त्याहून बहारदार. तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड दिसला का, एवढंच बघतो. हा सगळा हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बसवलेला आहे. आजच्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून तिथे बंदूक चालत नाही. ती बिघडली समजून खोलू नकोस. मी कंपनीत दिवसभर कंट्रोल पॅनेल तपासते. कमी सामानात चोख काम काढणारी मांडणी दिसली की करणाऱ्याला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. तू खेळताना तसं बघायला लागलास तर त्या पेटीतून तुला खूप मिळेल.

पण ही हुशारी अडचणीतून आलेली होती, हे विसरू नकोस. त्या लोकांना जास्त जागा मिळाली असती तर त्यांनी ती आनंदाने वापरली असती. इथल्या आयटीआयमध्ये मुलं आधी कानस चालवतात, मग लेथवर येतात, मग सीएनसीवर. कानस हातात बसलेला चांगला फिटर सीएनसीला खोटं म्हणत नाही. दोन्हींवर काय काय निघतं ते त्याला ठाऊक असतं.

तू राहतोस त्या पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा स्टुडिओ आहे. त्यांचा ‘राजी’ २०२० साली आला. सर्कशीत काम करणारी पोर, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात, भिंतींवरच्या चित्रांतून पुराणकथा उलगडतात. हे २ केबीत मावलं नसतं. आपल्या देवळांचे खांब नि आपल्या गोष्टी आपल्याच माणसांनी गेममध्ये आणल्या, आणि तू त्याला न बघता दिखाऊ म्हणणार? एका सुट्टीच्या दिवशी फोन लांब ठेवून तो खेळ.

वेळेचंही तसंच. जुन्या मारिओत खेळ जपून ठेवायची सोय नाही. बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अभ्यास झाल्यावर अर्धा तास त्याला चांगला, हरलास तरी उठता येतं. लांबलचक गोष्टीचा गेम कुठेही थांबवून ठेवता येतो, पण तुकड्या-तुकड्यांत त्याचा रस जातो. त्याला रविवारची दुपार दे.

आणि तुझ्या बहिणीला, आर्याला शेजारी बसव. हे मी सगळ्यात आग्रहाने सांगते. कॉन्ट्रा या जुन्या गेममध्ये दोघांना एकच पडदा असतो. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो, आणि पुढचा भराभर चढला की पडदा वर सरकतो, मागचा खालून नाहीसा होतो आणि मरतो. समोर शत्रू नसला तरी. तुझा हात सराईत आहे, तिचा अजून नाही. तिची उडी चुकणार, तू एका पायरीवर थांबायचं, तिला वर येऊ द्यायचं. घरात दोघांनी एका पडद्यासमोर बसून खेळायची ही रीत नव्या गेममध्ये कमी झाली आहे. जुन्याची बाजू घ्यायचीच असेल तर या कारणासाठी घे. काकांची पेटी दमली तरी अडणार नाही. कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचे जुने गेम एकत्र काढले आहेत, ते तुझ्या पीएस ५ वरही चालतात. म्हणजे जुन्या-नव्याची सोयरीक कंपन्यांनीच जुळवून दिली आहे, भांडण तुझ्या डोक्यात आहे.

खर्चाचं एवढंच, की शोकेससाठी दुसऱ्या-तिसऱ्या पेट्या विकत घेत सुटू नकोस. आहे ती चालू ठेव. गेमची कॅसेट लागली नाही की आम्ही सगळेच फुंकर मारायचो. तू मारू नकोस, थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुस, पूर्ण वाळू दे, मग लाव. जुना डबा टीव्ही मिळाला तर त्याचं मागचं झाकण कधीही उघडायचं नाही, बंद असतानाही ट्यूबमध्ये जोराचा झटका देण्याइतका चार्ज राहतो.

आता पेटीचा अ‍ॅडॉप्टर हरवलाय असं ताई म्हणाली. पिन बसतो म्हणून घरातला कुठलाही लावू नकोस. निन्टेन्डोच्या मूळ यंत्रात पिनच्या मधोमध निगेटिव्ह असतं, हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये पॉझिटिव्ह, आणि नकलांचं तर काहीच सांगता येत नाही. पेटीच्या खालच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढून पाठव. व्होल्ट आणि पोलॅरिटी बघून कुठला घ्यायचा ते मी कळवते, तोवर स्विच दाबू नकोस.

तुझी,
मावशी