सात सामने आणि पुढची दहा वर्षं

२०११ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन आणि क्रिमिट्शाऊ या दोन शहरांत आइस हॉकीची १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धा झाली. रशियाच्या निकिता कुचेरोव्हने सात सामन्यांत २१ गुण मिळवले. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्या गोलाला हातभार लावणाऱ्या जास्तीत जास्त दोन साथीदारांनाही एकेक. २१ हा तेव्हा स्पर्धेचा विक्रम होता. दोनच महिन्यांनी उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी झाली. तिथे ५७ मुलांची नावं पुकारून झाली, तेव्हा कुठे टॅम्पा बे लायटनिंगने कुचेरोव्हला घेतलं. आठ वर्षांनी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढे टॅम्पाने सलग दोनदा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, तेव्हा त्या संघाचा तो आधारस्तंभ होता.

निवड चाचणीतून मुलगा वगळला गेला की घरोघरी ऐकू येणारा प्रश्न इथेही विचारता येईल: निवडणारे झोपले होते का? थोडेफार झोपले होते, हे खरंच. पण त्यांच्यापुढचा प्रश्न ‘या आठवड्यात कोण चांगला खेळला’ हा नव्हताच. ३२ संघ, सात फेऱ्या, म्हणजे आज वर्षाला २२४ नावं. त्यातली बहुतेक मुलं अठरा वर्षांची असतात. त्यांच्यातला कोण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मोठ्यांच्या लीगमध्ये टिकेल, याचा अंदाज बांधण्यासाठी स्काउटला, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याला, पगार मिळतो. झालेल्या खेळाला शाबासकी देणं हे वेगळं काम आहे आणि त्याची सोय स्पर्धेतच असते. सर्वोत्तम गोलरक्षक, बचावपटू आणि आक्रमक आयोजक ठरवतात, पत्रकार आपला संघ निवडतात, प्रत्येक संघाचे प्रशिक्षक आपले तीन उत्तम खेळाडू सांगतात. हे पुरस्कार म्हणजे भविष्याची हमी समजणारे पालक मात्र फसतात.

आकड्यांचंही तसंच. १९९३ मध्ये २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत स्वीडनच्या पीटर फोर्सबर्गने सात सामन्यांत ३१ गुण केले. तो विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. पण त्यातले दहा गुण एकट्या जपानविरुद्धच्या सामन्यातले होते आणि तो सामना स्वीडनने २०-१ असा जिंकला होता. मग आकडा फुगलेला होता का? होता. फोर्सबर्ग थोर खेळाडू झाला का? झाला. दुबळ्या संघाची धुलाई करून जमवलेले गुण हे गुणवत्तेचा पुरावा नसतात, तसेच ते तिच्या विरोधातही जात नाहीत. स्काउट फक्त त्यांना फार वजन देत नाही आणि तगड्या संघाविरुद्धच्या सामन्याची वही उघडतो.

गोलरक्षकांच्या बाबतीत हा अंदाज सर्वाधिक चुकतो. २००६ च्या २० वर्षांखालील स्पर्धेत कॅनडाच्या जस्टिन पॉगने रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही आणि कॅनडाने ५-० असं सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळाला तो फिनलंडच्या तूका रास्कला. दोघांचेही हक्क टोरांटो मेपल लीफ्सकडे होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये टोरांटोने पॉगवर विश्वास टाकून रास्कला बॉस्टनला देऊन टाकलं. पॉग एनएचएलमध्ये सात सामने खेळला. रास्क बॉस्टनसाठी पाचशेहून अधिक सामने खेळला आणि २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. टोरांटोचे चाहते हा सौदा अजून विसरलेले नाहीत.

मग स्काउट पाहतो तरी काय? खेळाडू एका वेळी साधारण पाऊण मिनिट बर्फावर उतरतो, दमतो आणि बाकावर परततो. त्या पाऊण मिनिटात पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, त्याच्या काठीवर असतो जेमतेम काही सेकंद. प्रेक्षक पककडे बघतात, स्काउट उरलेल्या वेळेकडे. पक येण्याआधी मान वळवून आजूबाजूला बघितलं का? पक हातून गेल्यावर तो मागे धावला, की पंचाकडे हात पसरून उभा राहिला? डावीकडून वळताना वेग मोडतो का? शेजारी दोन उत्तम साथीदार होते म्हणून गुण आले, की त्याच्यामुळे साथीदारांना आले? प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना झालेले गोल वेगळे मोजावे लागतात. शिवाय तिसऱ्या फळीत खेळणाऱ्या मुलाला वेळच कमी मिळतो. त्याचा कोरा गुणफलक वाचून घरी रडारड करण्यात अर्थ नसतो.

पालकांनी सर्वांत आधी पाहावी अशी गोष्ट मात्र बर्फावर दिसतच नाही. ती जन्मदाखल्यावर असते. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असूनही त्याच गटात खेळतो. लहान वयात एवढा फरक उंचीत आणि ताकदीत उघड दिसतो. निवड मोठ्याची होते, चांगलं प्रशिक्षणही त्यालाच मिळतं. रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये हे दाखवून दिलं होतं. २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००६ या काळात ड्राफ्ट झालेल्या कॅनडियन खेळाडूंचा हिशेब मांडला. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले निवडीत ३६ टक्के होते, पण पुढच्या एकूण सामन्यांत त्यांचा वाटा २८ टक्केच निघाला. जुलै ते डिसेंबरवाले निवडीत ३४ टक्के आणि सामन्यांत ४२ टक्के. म्हणजे अनुभवी माणसंसुद्धा शरीराच्या वाढीला कौशल्य समजत होती.

महाराष्ट्रातल्या क्रिकेट पालकांना हे परकं वाटायला नको. १६ वर्षांखालच्या मुलांचं वय तपासायला क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढतं, तो कागदावरची लबाडी पकडण्यासाठी. पण कागद खरा असला तरी एकाच गटातल्या दोन मुलांत अकरा महिन्यांचं अंतर उरतंच आणि त्याचा हिशेब निवड समितीच्या तक्त्यात क्वचितच असतो. चौदाव्या वर्षी नाव आलं नाही म्हणून बॅट माळ्यावर टाकण्याआधी मुलाचा जन्ममहिना आणि त्याची वाढ कुठवर आली आहे, हे पाहायलाच हवं.

कॅनडात राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना, त्यांत मराठीही आले, अर्शदीप बैन्सचं उदाहरण जवळचं वाटेल. त्याला कुठल्याच संघाने ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. २०२१-२२ मध्ये त्याने पश्चिम कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक ११२ गुण केले, व्हँकुव्हरने करार केला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो एनएचएलमध्ये उतरला. अशी उदाहरणं थोडी असतात, हेही सांगायला हवं. त्यांच्या जोरावर शिक्षण सोडण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

आता दुसरी बाजू: खेळणं जमत नसेल, पण खेळ ‘दिसत’ असेल तर? एरिक टल्स्की हे रसायनशास्त्रात बर्कलीचे पीएचडी, नोकरी नॅनोतंत्रज्ञानात. फावल्या वेळात ते हॉकीवर लिहीत. पक प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत स्वतः घेऊन जावा की नुसता आत फेकून मागे धावावं, याची जाहीर मोजदाद फारशी झालेली नव्हती. त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने सामने बघून ती केली. घेऊन गेल्यास गोलावरचे फटके दुपटीहून अधिक मिळतात असं निघालं. २०१४ मध्ये कॅरोलायना हरिकेन्सने त्यांना कामावर घेतलं आणि २०२४ मध्ये ते त्याच संघाचे जनरल मॅनेजर झाले. मुलींच्या पालकांसाठी आणखी एक नाव: १९९८ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या अमेरिकी संघाची कर्णधार कॅमी ग्रॅनॅटो. २०१९ मध्ये सिएटलच्या नव्या संघाने तिला स्काउट नेमलं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने थेट एनएचएलची स्वप्नं पाहण्याचं कारण नाही. आयपीएल आणि प्रो कबड्डीच्या संघांना व्हिडिओ विश्लेषक लागतात. त्यासाठी संख्याशास्त्र, संगणक किंवा क्रीडाविज्ञानाची पदवी आणि एका खेळाची खोल जाण ही जोडी उपयोगी पडते. प्रशिक्षणाकडे वळायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे. अशा नोकऱ्यांत हंगामापुरते करार बरेच असतात, म्हणून पदवी पूर्ण केलेली बरी. आइस हॉकीच पाहायची असेल तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांतली आइस हॉकी लेहला होते आणि तिथे स्केटिंगमध्ये महाराष्ट्राची मुलंही उतरतात. भारतीय महिला आइस हॉकी संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. त्यात लडाखच्या मुलींचा भरणा होता. आणि २० वर्षांखालील जागतिक स्पर्धा दरवर्षी २६ डिसेंबरच्या सुमारास, नाताळच्या सुटीत सुरू होते. ज्याला हे काम शिकायचं आहे त्याने एकच खेळाडू निवडावा, तो बर्फावर उतरेल ती प्रत्येक खेप पाहून अर्ध्या पानाची टिपणी लिहावी, शेवटी ‘पाच वर्षांनी हा कुठे असेल’ याचं उत्तर तारखेसह नोंदवावं आणि ती वही जपून ठेवावी, म्हणजे पुढे मुलाखतीत दाखवायला काहीतरी असेल.