हुन्नर आपला, नाव कोणाचे? मिरजेच्या सतारीचा धडा

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे गेली. धुळ्याच्या मागावरचे कापड बाहेरगावी जाते, तेथे त्यावर दुसऱ्याचा शिक्का बसतो आणि तोच माल चढ्या भावाने आपल्याच बाजारात परत येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मेहनत विणकराची, नाव दुसऱ्याचे. या दुखण्यावर मिरजेच्या वाद्य कारागिरांनी काय केले, ते आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घ्यावे.

मिरजेतील शिकलगार घराणी मुळात शस्त्रांना धार लावणारी. तलवारीचे दिवस संपले तसा धंदाही बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे व मग घडणीकडे वळले. संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय लाभला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि गावात गवयांची वर्दळ वाढली. शिकलगारांचे आडनावच 'सतारमेकर' झाले. धंदा बुडाला, पण हात बुडाले नाहीत.

आता कामाकडे पाहू. गिटारीचे पोट लाकडी फळ्यांचे असते. सतार व तंबोऱ्याचे पोट म्हणजे मोठा कडू भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकरी पिकवतात. पूर्ण पिकलेला, नीट वाळलेला भोपळाच उपयोगी पडतो. तो कापून, आतून साफ करून आकारास आणतात. त्यावर लाकडाची तबली व दांडी जोडतात. मग खुंट्या, सतारीला पडदे, नक्षी व पॉलिश.

खरी परीक्षा शेवटी, जवारीत. तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा कारागीर कानाने ऐकत, कणाकणाने घासतो. थोडे जास्त घासले तर आवाज बिघडतो. तंबोऱ्यात तार व घोडी यांच्यामध्ये साध्या धाग्याचा तुकडा सरकवतात. आपण कापडवाले असा तुकडा झाडून टाकतो. तेथे तोच नेमक्या जागी बसला की तंबोरा घुमू लागतो. हे काम पुस्तकातून येत नाही, उस्तादापाशी बसावे लागते.

एवढे हुन्नर असूनही 'मिरजेचा माल' असे कोणीही म्हणू शकत होता. २०२४ मध्ये मिरजेची सतार व तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जळगावच्या केळ्याला व भरिताच्या वांग्याला ते २०१६ मध्येच मिळाले आहे. म्हणजे ही गोष्ट खान्देशाला परकी नाही.

याचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. त्यातील मुद्दे ध्यानात ठेवावेत :

१. अर्ज एकट्या दुकानदाराला करता येत नाही. उत्पादकांची संघटना किंवा संस्था लागते. म्हणजे आधी एकी, मग कागद.

२. संघटनेची नोंद झाली म्हणून काम संपत नाही. प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली वेगळी नोंद करावी. येथेच बरेच लोक मागे राहतात आणि मानांकनाचा फायदा मोठ्या दुकानांपुरता उरतो.

३. नोंदणी दहा वर्षांची असते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे.

४. मालाचा दर्जा अर्जात लिहिल्याप्रमाणेच राहिला पाहिजे. एकाने हलका माल विकला तर बदनामी साऱ्या गावाची होते.

मेक्सिकोतील पाराचो हे गावही हाताने घडविलेल्या गिटारींसाठी असेच ओळखले जाते. तेथेही गावाचे नाव हीच कारागिरांची पुंजी.

मात्र एक गोष्ट कोणताही कायदा देऊ शकत नाही. पोटापुरती मजुरी मिळाली नाही तर मुलगा बापाशेजारी जवारी शिकायला बसणार नाही आणि नुसता शिक्का उरेल. म्हणून कारागिराला रास्त दाम देणे, त्याची उधारी वेळेवर चुकती करणे, ही आम्हा व्यापाऱ्यांची जिम्मेदारी आहे. नाव टिकवायचे असेल तर आधी हात टिकले पाहिजेत.