कॅनो घ्यायची ती गाळ बघून

कॅनो घ्यायला निघालेला माणूस सगळा विचार पाण्याचा करतो. वेग किती धरेल, लाटेत डोलेल का, दोघं बसतील का. नांदेड-लातूरकडं गळ टाकायला कॅनो घ्यायची असेल तर त्याआधीचा प्रश्न असा, की गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत ती न्यायची कशी? दिवाळीनंतर जलाशयाचं पाणी रस्त्याच्या अंगाला लागलेलं असतं. एप्रिलमध्ये तेच पाणी लांब आत सरकतं आणि मधे उरतो काळा गाळ. वरून भेगाळलेला, दिसायला टणक, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. त्या गाळातून चाळीस किलोचं धूड दोघांनी एकदा नेऊन बघावं. दुसऱ्या रविवारी जोडीदार फोन उचलत नाही.

इथल्या भोई मंडळींनी हा हिशेब केव्हाच केलाय. त्यांचा चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे बारदान्यात किंवा जाळीत करकचून बांधलेला तराफा. त्यावर मांडी घालून बसायचं आणि हातातल्या फळीनं वल्हवायचं. वजन इतकं कमी, की एकटा माणूस डोक्यावर घेऊन गाळ तुडवत जातो. थर्माकोल झिजून त्याचे मणी पाण्यात सुटतात, वाऱ्यापुढं चप्पूचं काही चालत नाही, आणि लाइफ जॅकेट बहुतेकांच्या अंगावर नसतं; त्यामुळं हौशी माणसानं चप्पू वापरावा असं मी म्हणणार नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत, हलकेपणा आणि पाण्यालगतची बैठक.

कॅनोचं मूळ घर उत्तर अमेरिकेत. भूर्जाच्या सालीच्या त्या नावा एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात खांद्यावरून न्याव्या लागत, म्हणून मध्यावरच्या आडव्या दांड्याला मानेजोगा बाक दिलेला असे. आजही चांगल्या कॅनोला असा दांडा मिळतो. तो बैलाच्या जुवासारखा मानेवर बसतो आणि उलटी केलेली कॅनो एकट्यालाही नेता येते. दुकानदार हा भाग जास्तीचा म्हणून दाखवतो. आपल्याकडं तो आधी मागून घ्यावा.

आता साहित्य. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. रोटोमोल्ड प्लॅस्टिकची कॅनो दणकट असते. दगडावर आपटली तरी पोचा येतो, फुटत नाही, आणि गाळावरून दोरीनं सरळ ओढत नेता येते. फायबरची हलकी आणि चालायला सरस, पण मुरमाड काठावर ओढली की तळ खरवडून निघतो. शिवाय फायबर पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून दोन्ही टोकांना हवेच्या बंद पेट्या नसतील तर पाणी भरलेली कॅनो बुडते. विकत घेताना गुडघाभर पाण्यात ती मुद्दाम भरून बघा. काठोकाठ भरूनही तरंगली तरच पैसे मोजा. तिसरी हवेची. डिकीत मावते, वजनाला नाममात्र आणि जाहिरातीत फार देखणी. आपल्या धरणांत मात्र पाण्याखाली वेड्या बाभळीची बुडखी उभी असतात आणि त्या काट्यानं ट्रॅक्टरचं टायरही पंक्चर होतं. हवेची कॅनो मी पूर्ण बाद धरतो.

लांबीबद्दल फार खल नको. एकट्यासाठी बारा फूट, दोघांसाठी चौदा. सोळा फुटी सरळ आणि वेगानं जाते खरी, पण बॅरेजच्या चिंचोळ्या पाण्यात वळवताना जीव घेते. रुंदी पस्तीस इंचांच्या आसपास असावी. तळाचा आकार मात्र नीट बघावा. सपाट तळाची कॅनो शांत पाण्यात घट्ट बसल्यासारखी वाटते, गळ टाकायला निर्धास्त. पण आडवी लाट आली की लाटेबरोबर कलते. गोलसर तळाची बसताक्षणी डुगडुगते, नवखा घाबरतो, पण कलल्यावर सावरते. मासेमारीसाठी मधला मार्ग घ्यावा, मध्यभागी सपाट आणि कडांना हळूहळू वर येणारा तळ. कॅनोवर लिहिलेली वजनाची मर्यादा कंपनीची असते. आपण तिच्या दोन तृतीयांशावर थांबावं. सगळं सामान आणि माणसं चढल्यावर कड पाण्याच्या वर निदान सहा इंच राहिली पाहिजे.

ही तपासणी स्वतःच करायची तर वीस लिटरचे पाण्याचे जार घ्या. एक जार म्हणजे वीस किलो, हिशेब सोपा. उथळ पाण्यात कॅनोत जार ठेवत जा आणि कडेवर पट्टी धरून मोजा. हेच जार पुढंही उपयोगी पडतात. एकटा माणूस मागच्या बैठकीवर बसला की कॅनोचं नाक वर उचलतं आणि वारा ते हवं तिकडं फिरवतो. अशा वेळी पुढच्या बैठकीवर मागं तोंड करून बसावं, म्हणजे वजन मध्याकडं येतं, आणि समोरच्या रिकाम्या टोकाला भरलेला जार बांधून ठेवावा. वजनासाठी दगड ठेवू नयेत. कॅनोत पाणी शिरलं तर दगड तिला खाली खेचतो. पाण्यानं भरलेला जार पाण्यात जवळजवळ वजनहीन होतो. तहान लागली तर पिता येतो, हा वरचा फायदा.

नवख्यांनी कडेला आधाराचे तरंगते दांडे लावावेत, आणि यासाठी कुठून काही मागवायची गरज नाही. शेतात चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेले असतातच. सव्वा मीटरचे दोन तुकडे घ्या, दोन्ही तोंडांना एंडकॅप लावा, सोल्युशन दोनदा फिरवा आणि रात्रभर सुकू द्या. असा एक तुकडा साधारण दहा किलो वजन पेलतो. आकडा लहान वाटेल, पण तो कडेपासून दोन-अडीच फूट बाहेर असल्यामुळं कलणाऱ्या कॅनोला चांगलाच आवरतो. दोन्ही तुकडे एका आडव्या बांबूला किंवा ॲल्युमिनियमच्या नळीला बांधायचे आणि ती नळी बैठकीच्या मागं कसायची, म्हणजे वल्हं अडकत नाही. कॅनो सरळ असताना पाइप पाण्याच्या दोन-तीन इंच वर राहावेत. सतत पाण्यात बुडाले तर ते ब्रेक लावल्यासारखे ओढतात. कॅनोला भोकं मात्र पाडू नका. सगळं क्लॅम्पवर आणि दोरीवर भागतं.

आतली मांडणी सुटसुटीत ठेवा. गळाच्या काठ्या पुढच्या दिशेनं आडव्या, कडेच्या खाली. उभ्या ठेवल्या तर बाभळीच्या फांदीत पहिल्यांदा त्याच अडकतात. तळाला जुनी रबरी चटई अंथरा. पक्कड किंवा शिशाचं वजन तळावर पडल्याचा आवाज पाण्यात लांबवर जातो आणि मासे पांगतात. पक्कड, चाकू आणि दांड्याची हातजाळी हाताशी, प्रत्येक वस्तू दोरीनं बांधलेली. शिंगटा गळाला लागला तर त्याच्या कल्ल्यामागच्या काट्यांना हात लावू नका, पकडीनंच गळ काढा. मोठा कटला लागला तर त्याला नाकाकडून खेळवा आणि कॅनो ओढत नेऊ द्या, थकतो तो. आडव्या बाजूनं ओढाओढ केली की कॅनो पालथी होते. कितीही मोठा मासा असो, उठून उभं राहायचं नाही.

नांगर म्हणून आकड्यांचा लोखंडी नांगर इथं नको. तो बुडख्यात अडकतो आणि तिथंच राहतो. नायलॉनच्या पिशवीत तीन-चार किलो खडी भरा, तेवढं गाळात पुरतं. दोरी खोलीच्या तिप्पट तरी हवी, आणि ती नाकाला किंवा शेपटाला बांधायची, कडेला कधीही नाही. वारा सुटला किंवा प्रवाह वाढला तर कडेला बांधलेली दोरी कॅनोला कलती करून पाणी आत घेते. गाठ सुरगाठ असावी, एका ओढीत सुटणारी.

लाइफ जॅकेट कॅनोत ठेवण्याची वस्तू नाही, अंगात घालण्याची आहे. पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

आता पाणी. शिकायला लातूर जिल्ह्यातली लहान धरणं चांगली, रेणा, घरणी, तिरू, मसलगा. किंवा मांजरेवरच्या नागझरी, साई अशा बॅरेजांमागचं लांबट पाणी. पात्र अरुंद असल्यानं वाऱ्याला धाव मिळत नाही आणि काठ कायम जवळ राहतो. मांजरा धरण धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, पण लातूरची तहान त्याच्यावर. २०१६ मध्ये ते कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात पोहोचली. त्यामुळं निघण्याआधी जलसंपदा विभागाचा पाणीसाठ्याचा आकडा बघायचा, हा लातूरकरांना सांगायचा विषय नाही, पण पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना आहे.

नांदेडला विष्णुपुरीचा शंकर सागर जलाशय मोठा आणि देखणा. काळेश्वर मंदिराच्या बाजूनं सकाळचं पाणी फार सुरेख दिसतं. पण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, उपसा सिंचनाचे पंप तिथं चालतात आणि भिंतीला दरवाजे आहेत. पंपगृहाच्या आणि भिंतीच्या जवळपास फिरकूही नये. जायकवाडी, माजलगाव किंवा पूर्णेवरच्या सिद्धेश्वरमधून पाणी सुटलं की ते विष्णुपुरीत येतं. नांदेडात आभाळ निरभ्र असतानाही गोदावरी चढते. पावसाळ्यात इथं कॅनो काढण्याचं काही कारण नाही. रोहू-कटल्याचा तो विणीचा काळही असतो. शहरातल्या घाटांवर, विशेषतः नगीना घाटाच्या परिसरात, गुरुद्वाऱ्याचे भाविक स्नानाला येतात. तिथं गळ घेऊन बसू नये, एवढं कुणी सांगायची वेळ येऊ देऊ नका.

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचं वेळापत्रक न्यायालयानं ठरवून दिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली तेलंगणाकडं सोडायचं असतं. म्हणजे तिथं नाव चालवण्याजोगं पाणी ऑक्टोबर सरताना साठायला लागतं. मार्चच्या सुरुवातीचा आठवडा वगळावा, आणि जूनच्या अखेरीस तिथला मुक्काम हलवावा.

माझी पसंती मात्र मन्याड खोऱ्याला. वरचं लिंबोटी, खालचं बारूळ. दोन्हीकडं गर्दी कमी, आणि मधे कंधारचा भुईकोट, ज्याच्या भोवतीचा खंदक अजून पाणी धरून आहे. सकाळी गळ, उन्हं चढल्यावर किल्ला, असा दिवस बसवता येतो. किनवटकडं पैनगंगेच्या बाजूला जाणाऱ्यांनी अभयारण्याची हद्द आधी समजून घ्यावी, तिच्यात मासेमारीला बंदी आहे. सहस्रकुंड धबधब्याच्या वरच्या पात्रात तर कॅनोचा विचारही नको.

परवानगीचा विषय टाळून चालत नाही. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं ठेक्यानं असतो. मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं असतं, मासा त्यांचा असतो. हौशी गळसुद्धा त्यांना विचारूनच टाकावा, आणि नाव पाण्यात घालण्यासाठी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात विचारणा करावी. नांदेड आणि लातूरला मत्स्यव्यवसाय विभागाची कार्यालयं आहेत, ठेका कुणाकडं आहे हे तिथं कळतं. काठावर आल्यावर पहिलं वाक्य “मामा, जाळी कुठं लावलीत?” असावं. संध्याकाळी लावलेली जाळी पहाटे निघतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की त्या जाळ्याच्या खुणा समजाव्यात आणि बाहेरून वळसा घ्यावा. मामा खूश असले तर मरळ कुठल्या कोपऱ्यात आहे आणि वाळू उपशाचे खड्डे कुठं आहेत, दोन्ही सांगतात. दुसरी माहिती जास्त मोलाची. पाणी ओसरताना ज्या मोकळ्या जमिनीवरून तुम्ही कॅनो ओढता तिथं कुणाचा तरी गाळपेरा असतो. कलिंगडाच्या वेलांवरून ओढत नेऊ नका.

हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. कडाक्याच्या थंडीत रोहू-कटला मंदावतात, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पुन्हा आमिषाला तोंड लावतात. मार्चनंतर उजाडताच पाण्यात उतरून नऊ-साडेनऊला बाहेर यावं. दुपारी वारा उठतो आणि रिकाम्या कॅनोला तो पुरून उरतो. एप्रिल-मेचा वळीव विजा घेऊनच येतो. ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा, आणि ढग गडगडले की गळ आवरून काठ गाठा. काठावर आल्यावर एकट्या झाडाखाली थांबू नका.

घरी नेण्याआधी कॅनो आतून-बाहेरून धुवायची. गोदावरीतली जलपर्णी दोरीला किंवा वल्ह्याला चिकटून येते आणि पुढच्या रविवारी तुमच्याच हातून दुसऱ्या तळ्यात जाते. टपावर बांधताना पट्ट्यांशिवाय नाक आणि शेपूट दोन्हीकडून वेगळी दोरी हवी, मागं लाल फडकं. ठेवायची ती सावलीत, पालथी, दोन लाकडांवर. गच्चीवर नाही, नांदेडच्या मे महिन्याच्या उन्हात प्लॅस्टिकचा तळ वाकतो आणि मग ती सरळ चालत नाही.