जुन्या पंपावर नवे तेल-इंजिन बसविताना

विहिरीवरील जुने मंदगती इंजिन निकामी झाले की त्या जागी पुष्कळदा द्रुतगती इंजिन आणले जाते व जुनीच पुली त्यावर चढविली जाते. नुकसानीस प्रारंभ होतो तो येथूनच. समजा, जुने इंजिन मिनिटास ६५० फेरे घेणारे असून त्याची पुली १४ इंच व पंपाची ६ इंच व्यासाची आहे. तेव्हा पंप सुमारे १,५०० फेरे घेतो. १,५०० फेऱ्यांच्या नव्या इंजिनावर तीच पुली ठेवल्यास पंपास ३,५०० फेरे घ्यावे लागतील. केंद्रोत्सारी पंपास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे येथे बारापटीहून अधिक! इतका भार ओढणे इंजिनास अशक्य होऊन ते काळा धूर ओकू लागते, पट्टा घसरतो, बेअरिंगे तापतात. दोष मात्र बिचाऱ्या नव्या इंजिनास दिला जातो.

यास्तव खरेदीपूर्वीच पंपाच्या नामपट्टीवरील फेरे व अश्वशक्ती पाहून घ्यावी. वरील उदाहरणात दोन्ही पुल्या समान व्यासाच्या हव्यात. पंपाच्या कवचावरील बाणावरून फिरण्याची दिशाही ताडून पाहावी. ती उलट येत असल्यास सपाट पट्ट्यास पीळ देऊन सुधारता येते. व्ही-पट्ट्याने हे साधत नाही. जुन्या चौथऱ्यावरील बोल्ट नव्या इंजिनाच्या पायास क्वचितच जुळतात. पाण्याची पाळी तोंडाशी आली म्हणून लाकडी ओंडक्यांवर इंजिन चालवू नये. चौथरा नव्याने बांधून तो पुरता मुरू द्यावा.