उच्च रक्तदाब : पथ्य, औषध आणि सातत्य

उच्च रक्तदाब हा विकार बहुधा कोणतीच पूर्वसूचना देत नाही. रुग्ण नेहमीची कामे करीत असतो आणि एके दिवशी पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येतो. वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास आपल्याकडे सामान्यतः उच्च रक्तदाबाचे निदान करतात. त्याच्या नियंत्रणाचे मार्ग कोणते आणि त्यांचे गुणावगुण काय, हे पाहू.

पहिला मार्ग पथ्याचा. प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. लोणची, पापड, सुकी मासळी व फरसाण यांतूनही मीठ पोटात जाते. फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणाऱ्या आहाराने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी ११ अंकांनी उतरल्याचे अमेरिकेतील १९९७ च्या अभ्यासात दिसून आले. नियमित चालणे आणि वजन घटविणे यांचाही लाभ होतो. मात्र रक्तदाब बराच वाढलेला असेल, तर केवळ पथ्य पुरत नाही.

दुसरा मार्ग औषधांचा. एकाच औषधाची मात्रा वाढवीत नेण्यापेक्षा दोन औषधे अल्प मात्रेत दिल्यास पुष्कळदा गुण अधिक येतो व त्रास कमी होतो.

रक्तदाब किती उतरवावा, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या ९,३६१ व्यक्तींचा अभ्यास अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे एकचतुर्थांशाने घटल्या. तथापि दाब फार उतरणे, मूर्च्छा व मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. म्हणून उद्दिष्ट डॉक्टरांनीच ठरवावे.

परंतु कोणताही मार्ग सातत्याविना निष्फळ ठरतो. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळील केंद्रात उपचार आणि प्रत्येक रुग्णाची नोंद यांवर भर देण्यात आला, तो याच कारणाने. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने नजीकच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा आणि सुरू झालेले औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना थांबवू नये.