चालू फाइलींचा बॅकअप

प्रश्न : गोदामातील हिशेबाचे सॉफ्टवेअर दिवसभर चालू असते. ते बंद न करता बॅकअप घेता येतो का? (एक वाचक, कोन, ता. पनवेल)

उत्तर : उघड्या फाइलीची साधी कॉपी करताना दोन अडचणी येतात. कधी फाइल लॉक असल्याने कॉपी होतच नाही; कधी कॉपी चालू असतानाच नवी नोंद पडते आणि प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी राहते. अशी प्रत ऐन वेळी दगा देते.

यावर उपाय म्हणजे स्नॅपशॉट. विंडोजमध्ये २००१ सालच्या एक्सपीपासून ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही सेवा आहे. ती डिस्कवरील लेखन काही क्षण रोखून त्या घडीची स्थिती पकडते. नंतर एखादा भाग बदलणार असेल, तर त्यातला जुना मजकूर आधी बाजूला ठेवला जातो. बॅकअप त्या स्थिर स्थितीचा होतो आणि काम चालू राहते. या सेवेशी जुळवून न घेतलेल्या प्रोग्रॅमच्या फाइली मात्र अचानक वीज गेल्यावर असतात तशाच अवस्थेत टिपल्या जातात. म्हणून दिवसाचे काम आटोपल्यावर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच रोज एक बॅकअप घ्यावा.

स्नॅपशॉट सहसा त्याच डिस्कवर असतो. डिस्क बिघडली की तोही जातो. त्यामुळे एक प्रत गोदामाबाहेर ठेवावी आणि अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.